बुधवार, बारा ते एक
उत्तरेश्वर सर आमच्या कॉलेजात संगणकशास्त्र शिकवतात आणि कॉलेजचं वेळापत्रक लावतात. पहिल्या कामाचा पगार मिळतो, दुसऱ्याच्या शिव्या.

तिसऱ्या वर्षाला ते एक प्रश्न शिकवतात, जो अजून जगात कुणालाच सुटलेला नाही. काही कोड्यांचं उत्तर हातात दिलं तर संगणक ते झटकन तपासतो. पण शोधायला बसवलं तर जन्म पुरत नाही. मग शोधायचीही झटपट युक्ती कुठेतरी आहे, की मुळातच नाही? सर फळ्यावर ‘पी बरोबर एनपी?’ असं लिहितात आणि उदाहरण म्हणून वेळापत्रक दाखवतात. लावायला महिना, चूक काढायला मिनिट. पुण्यात हे वेगळं शिकवावं लागू नये. आमच्याकडे शोधणारे कमी, तपासणारे घरटी दोन.

वेळापत्रक बोर्डावर लागलं की आम्ही प्राध्यापक लाल पेनं घेऊन जमतो. ‘सोमवारी सकाळी सातला बोलावलंय, येताना दूध घालत येऊ का?’ असं मी एकदा तिथेच लिहिलं होतं. मला ते अजूनही आवडतं.

सरांच्या पत्नी निशा मॅडम इथेच गणित शिकवतात. दोघांचं जमलं ते रिकाम्या तासाला, कँटीनच्या चहावर. पुढे सरांच्या गळ्यात वेळापत्रक पडलं आणि तो तास गेला. आमच्या तक्रारी मिटवताना ते दर वेळी स्वतःचाच तास देऊन टाकत. घरी चहा होतो, पण तो भाजी कुठली आणायची यावर होतो. मॅडमचं हे निवृत्तीआधीचं शेवटचं सत्र. म्हणून सरांनी हट्टाने बुधवार, बारा ते एक, दोघांसाठी रिकामा ठेवला.

वेळापत्रक लागलं. आम्ही पेनं घेऊन गेलो आणि हात हलवत परत आलो. चूकच नाही! मला दिवसभर करमलं नाही.

चूक होती. मंगळवारी एकाच वर्गात दोन तास होते, एक सरांचा आणि एक अजून रुजू न झालेल्या प्राध्यापकाचा. सरांनी ती जाणूनबुजून ठेवली होती. ती कुणाला दिसणार नव्हती, कारण आम्ही प्रत्येक जण फक्त आपल्या नावाची ओळ तपासतो. अख्खा बोर्ड वाचणारं माणूस आपल्याच घरात आहे, हे ते विसरले.

“अहो, मंगळवारी सात नंबरच्या वर्गात तुम्ही आणि ते नवे प्राध्यापक एकदम शिकवणार?” मॅडमनी भर स्टाफरूममध्ये विचारलं.

“दिसलं का तुला?”

“बोर्डावर लावलंय म्हटल्यावर दिसणारच.”

“हलवायला एकच जागा आहे. बुधवार, बारा.”

आम्ही सगळे आपापल्या मोबाइलमध्ये बघायला लागलो.

“मग हलवा,” मॅडम म्हणाल्या. “चुकीच्या वेळापत्रकावरचा चहा मला नको.”

मला त्यांचा संताप आला. एक चूक सोडून दिली असती तर पुणं बुडणार होतं का? सरांचा चेहरा बघवत नव्हता.

बुधवारी बारा वाजता मी सरांच्या त्या हलवलेल्या तासाच्या वर्गावरून चाललो होतो. सर फळ्यावर ‘पी बरोबर एनपी?’ लिहून मागे वळले. शेवटच्या बाकावर निशा मॅडम बसल्या होत्या, समोर थर्मास आणि दोन कप. त्यांनी हात वर केला.

“सर, फळ्यावर चूक आहे.”

“कुठे?”

“इकडे येऊन बघा, म्हणजे दिसेल.”

सर खडू ठेवून शेवटच्या बाकाकडे निघाले. मॅडम चहा ओतत होत्या. मी दारातूनच फळा तपासला. एकही चूक नव्हती.