शांततेला शून्य

समुपदेशनाचा ऑनलाइन वर्ग घेणाऱ्या बाई पहिल्या तासापासून एकच गोष्ट कानीकपाळी ओरडत आल्या होत्या: समोरचा माणूस रडत असेल तेव्हा आपलं तोंड बंद ठेवा. त्यांच्या वर्गातल्या नर्सनं ते फारच मनावर घेतलं. परीक्षेत रडणाऱ्या आईचं सोंग बाईंनीच घेतलं होतं. पडद्यावरून नर्स नुसती शांतपणे बघत राहिली, आणि बाईंना सोंग विसरून खरंच भरून आलं.

गुण देणार होतं मात्र सॉफ्टवेअर. त्यानं शेरा मारला: प्रतिसाद नाही, नापास.

बाईंनी तंत्रज्ञाला फोन लावला.

"ताई, कुणी बोललंच नाही, तर सिस्टिमला नेट गेल्यासारखं वाटतं," तो म्हणाला.

"मग तुमच्या सिस्टिमलाच बसवा पेशंटसमोर."

"पुढच्या वर्षी तेही येतंय म्हणे."

बाईंनी कपाळाला हात लावला. गुण बदलायचा अधिकार त्यांना नव्हता. पहिला आला होता तो, ज्यानं रडणाऱ्या आईला एक हुंदकासुद्धा धड पुरा करू दिला नव्हता.

निकाल सांगायला त्यांनी नर्सला व्हिडिओ कॉल केला. ती कसनुसं हसली.

"माझी बढती या प्रमाणपत्रावर अडलीय, बाई. पुन्हा बसते परीक्षेला. या खेपेला बडबड करू का?"

कर म्हणावं तर शिकवलेलं सगळं पाण्यात, नको म्हणावं तर पोरीची बढती गेली. बाईंच्या तोंडून शब्द फुटेना.

जरा वाट बघून नर्सनं घाईघाईनं विचारलं, "बाई, माझा आवाज येतोय ना?"