शिवायचं कुसुमनं, उसवायचं मी

कुसुम गेल्याचं मला माझ्या लेकीनं, वंदनानं, फोनवर सांगितलं. सांगितलं म्हणजे काय, "माय, काकी..." एवढंच म्हणाली आणि रडायला लागली. कुसुम माझी धाकटी जाऊ. सत्तरी ओलांडलेली, सहा महिन्यांपासून अंथरुणावर. धक्का बसावा असं त्यात काही नव्हतं. मी फोन कानाला धरून लेकीचं रडणं ऐकत राहिले. बाप गेला तेव्हाही ती अशी रडली नव्हती. आणि माझ्या मनात पहिला विचार आला तो कुसुमचा नव्हता. माझ्या वेळी ही एवढी रडेल का, असा आला. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं म्हणतात. मी चौथीपर्यंत शिकलेली, मला घडलं तेवढंच लिहिता येतं. कुसुमचा मला पन्नास वर्षं हेवा वाटला. ती गेल्याला दीड महिना झाला, तरी तो काही गेलेला नाही.

ती लग्न होऊन वालूरजवळच्या आमच्या गावात आली तेव्हा सोनपेठहून तिच्यासोबत एक हातमशीन आलं होतं, एसटीच्या टपावर पोत्यात गुंडाळून. सातवी पास होती, वर परभणीला शिवणाचा क्लास केलेला. माझा दीर मास्तर, माझा नवरा मजूर. घर एकच, चूल एकच. तिला पाठोपाठ दोन मुलं झाली, मला एकटी वंदना. मग बहात्तरचा दुष्काळ पडला आणि आम्ही नवराबायको खडी फोडायला जायला लागलो. वंदना तेव्हा दोन वर्षांचीही नव्हती. पहिले काही दिवस मी तिला सोबत नेलं, बाभळीला झोळी बांधली. कुसुम म्हणाली, "अक्का, लेकराला उन्हात कशाला नेताव? ऱ्हाऊ द्या माज्याकडं." बोलणं बरोबर होतं, म्हणून ठेवलं. तिथंच माझं चुकलं, असं मी पुढं कितीतरी वर्षं म्हणत होते.

कुसुमनं तिला परकर शिवायला घेतले. दीड-दोन वर्षांच्या पोरीच्या पोटावर नाडा टिकत नाही, परकर घसरून पायात येतो. म्हणून ती वर बंडी शिवायची आणि तिला चुण्यांचा घेर जोडायची. क्लासमध्ये शिकवल्याप्रमाणे आधी खाकी कागदावर बंडीचा नमुना कापायचा, तो कापडावर ठेवून कडेनं खडूची रेघ ओढायची, मग कात्री. पोरगी वाढली की तिला हात लांब धरून उभी करायची, दोऱ्यानं माप घ्यायची, मग नवा कागद. कापड कुठलं, तर जुन्या लुगड्याचं, दिराच्या फाटक्या सदऱ्याचं. पण अंगावर असं बसायचं की गल्लीतल्या बाया थांबून बघायच्या. मी संध्याकाळी धुळीनं पांढरी होऊन यायची, तर पोरगी मशीनजवळ ऐटीत बसलेली. कुणी विचारलं, "कुणाची गं तू?" की कुसुम म्हणायची, "अक्काची हाय ती." आणि पोरगी म्हणायची, "काकीची."

सगळे हसायचे. मीही हसायची... हात धुवायला मोरीत गेले की मात्र हसू जायचं.

एप्रिलातली जयंती जवळ आली. आमच्याकडं त्या दिवशी लहानथोर पांढरे कपडे घालून निघतात. मी ठरवलं, यंदा पोरीच्या अंगावर माझ्या हातचं घालायचं. बाजारातून पांढरं मांजरपाट आणलं, घेराला आणि बंडीला पुरेल एवढंच. कुसुम दोन दिवस माहेरी गेली होती. तिच्या मशीनच्या पेटीतून मी नमुन्याचे कागद न विचारता काढले. पुढचा एक, मागचा एक. घेर आधी कापून, चुण्या घालून ठेवला. मग उरलेल्या कापडावर मधोमध कागद ठेवले, रेघ ओढली, कापलं. उचलून बघते तर बंडी अर्धीच. एक खांदा, एका बगलेचं भोक आणि अर्धा गळा. मला वाटलं कागद हरवलेत. सगळी पेटी उपसली. मग वाटलं, कुसुमनं मुद्दाम अर्धे ठेवलेत. पोरगी म्हणाली, "काकीला येऊ दे."

जयंतीच्या आदल्या दिवशी दुपारच्या गाडीनं कुसुम आली. ते तुकडे बघितले, पेटी बघितली. मी भांडायच्या तयारीतच होते. ती एवढंच म्हणाली, "अक्का, कापड दुहेरी घालून कागदाची कड घडीवर ठेवायची अस्ती. कागद अर्धाच अस्तोय."

"मला काय म्हाईत? माज्या हातात शिवलेलंच येतंय."

मी मधोमध कापल्यानं पांढऱ्याच्या नुसत्या चिंध्या उरल्या होत्या. तिनं स्वतःच्या नव्या निळ्या पोलक्याचं कापड काढलं आणि बंडीचा राहिलेला अर्धा भाग त्याचा कापला. अर्धी बंडी पांढरी, अर्धी निळी. दुसऱ्या दिवशी मिरवणुकीत सगळ्यांची नजर वंदनावर. बाया विचारायला लागल्या, तर कुसुम म्हणते, "अक्कानं शिवला. अक्काचंच डोकं." चार जणी माझ्याकडं कापड घेऊन आल्या, आमच्याही पोरींना असंच शिव म्हणून. मी म्हटलं, "टाईम न्हाई मला." कुसुम पदर तोंडाला लावून हसत होती. तिनं मला चारचौघांत चोर म्हटलं असतं तर एक दिवस भांडून मी मोकळी झाले असते. तिनं मला शाबासकी दिली. तो परकर माझा म्हणून लोक सांगत राहिले आणि मी कधी नाही म्हटलं नाही.

दोन-तीन वर्षांनी दिराची बदली सेलूला झाली. सामान बांधताना कुसुम म्हणाली, "वंदीला आमच्यासंगं धाडा. तिथली शाळा चांगली हाय. सुट्टीला येईल की." माझा नवरा तयार होता. मी म्हटलं, "तुला दोन हायेत. मला एकच हाय."

"मी काय तिला कापून घ्यायलेय का, अक्का?"

"तू कापतीस ते बरोबर बसतंय. त्याचंच भ्याव वाटतंय."

ते निघाले त्या दिवशी पोरगी एसटीच्या पायरीला धरून बसली, तिला मी ओढून खाली घेतलं. दोन दिवस माझ्या हातची भाकरी तिनं खाल्ली नाही. तिच्या शाळेचं भलं सेलूलाच होतं, हे मला तेव्हाही कळत होतं. कळून मी अडवलं.

मग सेलूहून येणाऱ्या-जाणाऱ्यांबरोबर परकर यायला लागले. खाली दोन-तीन दुमडी घातलेल्या, त्यांना कच्ची टीप. निरोप यायचा, "वाढली की एक दुमड उसवा म्हणावं अक्काला." म्हणजे शिवायचं कुसुमनं, उसवायचं मी. एकदा मी परकर आल्या-आल्या सगळ्या दुमडी उसवून टाकल्या. परकर पायात यायला लागला, पोरगी अंगणात दोनदा पडली. मी म्हटलं, "काकीचं माप चुकलं बघ." सहा वर्षांची पोर गुडघ्याची माती झाडत म्हणाली, "न्हाई माय. तू उसवलंस." बस, एवढंच. पुन्हा तसं केलं नाही.

सातवीनंतर गावात शाळाच नव्हती, तेव्हा मीच तिला सेलूला नेऊन सोडलं. कुसुमनं एका शब्दानं टोचलं नाही. "चहा घेऊनच जावा, अक्का," म्हणाली. मी घेतला नाही. वंदना तिथं राहून मॅट्रिक झाली, पुढं नर्स झाली. सगळं त्या घरातून झालं. हे मी कुसुमला तोंडावर कधी बोलले नाही, ते आता इथं लिहितेय... तिला त्याचा उपयोग नाही.

मागच्या आठवड्यात वंदना माझ्याकडं आली होती. पन्नाशी उलटलेली बाई, केस पिकलेत, ड्यूटी करून थकलेली. मी गोधडी शिवायला घातली होती. जाड दोऱ्याचं एक टोक तिला धरायला द्यावं म्हणून दोरा ताणून तिच्यासमोर गेले. काही बोलायच्या आत ती उठून उभी राहिली. पाठ ताठ केली, दोन्ही हात अंगापासून लांब धरले आणि भिंतीकडं बघत श्वास रोखून थांबली. माप द्यायला उभं राहिल्याचं तिच्या ध्यानातही आलं नव्हतं. हे मी तिला शिकवलेलं नाही. मी कधी तिचं माप घेतलंच नाही.

"हात खाली घे" असं माझ्या तोंडावर आलं होतं. मी तो दोरा तिच्या पाठीमागून घेतला आणि छातीवर टोकाला टोक जुळवून धरला. तिथं गाठ मारली. मग खांद्यापासून कमरेपर्यंत धरला, तिथं दुसरी मारली. वंदना हलली नाही.