‘भाषा बदला’चं बटण

राजारामपुरीतल्या आमच्या ऑफिसात दुकानांसाठी सॉफ्टवेअर बनतं आणि सपोर्टचा फोन माझ्या टेबलावर असतो. किस्से शोधायला लागत नाहीत, रिंग वाजली की आलेच. यंदाचे सगळे एकाच बटणाचे आहेत.

आधी विंडोज ज्या भाषेत, त्याच भाषेत आमचा प्रोग्राम उघडायचा. आजऱ्याच्या एका काजूवाल्यानं नवा कॉम्प्युटर घेतला आणि त्याची मराठी गेली. फोनवर म्हणाला, "विंडोजनं त्याच्या घरात काय बोलायचं ते बोलावं की. माझ्या काजूत कशाला?"

आमच्या सरांना हे पटलं. प्रोग्राममध्ये ‘भाषा बदला’ असं बटण आलं.

पहिल्याच आठवड्यात एका दुकानदाराचा हात चुकून तमिळवर पडला. "पावणं, माझं दुकान चेन्नईला गेलंय. परत आणा."

परत आणायचं बटणही तमिळमध्येच होतं, भाषांची यादीही! तेव्हापासून यादीत प्रत्येक भाषेचं नाव तिच्याच लिपीत लिहितो.

पलीकडच्या गल्लीत एक कोचिंग क्लासवाले आहेत. पालक समोर बसले की त्यांची स्क्रीन इंग्रजी, पालक उठले की मराठी. मला म्हणाले, "माउस फिरवताना दिसतंय हो. एका बोटात व्हायला पायजे." एफ-नाईनवर सोय करून दिली. आता पालक दारात दिसले की ते खोकतात आणि दाबतात.

कळंब्याला एक चष्म्याचं दुकान आहे. कॉम्प्युटर एकच. सकाळी दादा बसतात, दुपारी वहिनी. दादांना इंग्रजी लागायची, वहिनींना मराठी. आल्या आल्या दुसऱ्याची भाषा बदलायची आणि त्यावरून भांडायचं, हे रोजचं. शेवटी दोघांनी अबोला धरला. मग तक्रारी माझ्याकडे, दोघांच्या वेगवेगळ्या. माणसं चांगली, त्यामुळं मला फार वाईट वाटायचं. सरांच्या मागं लागून मी खास त्यांच्यासाठी दोन लॉगिनची सोय करून घेतली. ज्याचं लॉगिन, त्याची भाषा.

हे सांगायला फोन उचलणार, तोच वहिनींचा आला.

"भाऊ, आज दुकानात येऊन बघतीया तर मराठीच हाय की. ह्यांनी सकाळभर मराठीतच काम केलंय." आवाज अगदी बारीक झाला होता.

मी म्हटलं, "वहिनी, आता भांडणच मिटलं. दोघांना वेगवेगळं लॉगिन देतो."

"वेगळं नको," त्या म्हणाल्या. "मला नुसतं मराठी करायला येतंय. रात्री दुकान बंद करताना ह्यांच्यासाठी इंग्रजी कसं करून ठेवायचं, तेवढं सांगा."