दुसऱ्याच्या तळहातावरचं तीर्थ

ज्या हिवाळ्यात माझ्या भावाने अन्न सोडलं, त्या हिवाळ्यात मी देवाशी बोलणं सोडलं होतं. भांडण म्हणावं असं काही नव्हतं. रोज सकाळी स्नान करून मी दत्ताच्या तसबिरीसमोर उभी राहायचे, फूल वाहायचे आणि काही न मागता मागे फिरायचे. मागण्यासारखं होतं ते गेल्या चौदा महिन्यांत मागून झालं होतं. कॉलेजच्या ग्रंथालयात मी अठ्ठावीस वर्षं काढली. शरणागतीवरची कितीतरी पुस्तकं माझ्या हातून कपाटात लागली, त्यातली बरीच मी वाचलीही. पण त्या दिवसांत त्यांतलं एकही वाक्य कामाला येत नव्हतं.

दिगंबर, आमचा दिगू, माझ्याहून अकरा वर्षांनी लहान. लष्करात हवालदार होता. आमचे पूर्वज दक्षिणेतून इकडे, उत्तरेतल्या या हिंदी बोलणाऱ्या शहरात आले ते शिपाई म्हणून. पुढे कुणी बँकेत गेलं, कुणी शाळेत शिकवू लागलं, दिगूने मात्र पुन्हा गणवेश घातला. पुरलेले सुरुंग शोधून निकामी करणं हे त्याचं काम. सीमेवर एका सकाळी एक सुरुंग आधीच फुटला. उजवा हात कोपरापासून गेला, डावा मनगटाच्या वरून, आणि पोटात लोखंडाचे तुकडे राहिले. बातमीत ‘एक जवान जखमी’ एवढंच आलं. त्या तीन शब्दांत किती मावतं ते मला पुढे हळूहळू कळलं. त्यात शर्टाची बटणं होती. नाकावर बसलेली माशी होती. न्हाणीघराची कडी होती. ज्या मुलीशी त्याचं लग्न ठरलं होतं, तिला त्याने माझ्या फोनवरून ‘नको’ म्हणून सांगितलं, तेही त्यातच होतं. तेव्हा मी त्याच्या कानाशी फोन धरून, दुसरीकडे बघत उभी होते, कारण फोन धरायलाही कुणीतरी लागत होतं.

इस्पितळांतून सुटून तो शहरातल्या हरिशंकरपुरम वस्तीतल्या आमच्या घरी आला. कृत्रिम हात मिळाले होते, पण ते बांधले की जखमेची जागा सोलून निघायची, म्हणून ते कपाटात ठेवले होते. त्याला मी भरवत असे. आईविना वाढलेल्या त्या भावाला मी लहानपणीही भरवलं होतं, त्यामुळे मला त्यात वावगं वाटत नव्हतं. त्याला काय वाटतं, हे मी विचारलं नाही.

दत्तजयंतीला मी त्याला नई सडकेजवळच्या गल्लीतल्या आमच्या दत्तमंदिरात घेऊन गेले. त्याला जायचं नव्हतं. मी हट्ट केला. आरती झाली, तीर्थासाठी रांग लागली. माणसं पुढे सरकत होती, प्रत्येकाचा उजवा हात पुढे होत होता, तळव्याचा खळगा करून, खाली डावा धरून. दिगूची पाळी आली तेव्हा गुरुजींची पळी वाटेतच थांबली. तीर्थ ठेवायचं कुठे? मागची माणसं गप्प झाली. मला वाटलं, ही शांतता आपण लवकर मिटवली पाहिजे. “द्या, मी देते,” म्हणून मी गुरुजींच्या हातून पळी घेतली आणि दिगूच्या ओठांना लावली. त्याने ओठ घट्ट मिटून घेतले. तीर्थ हनुवटीवरून गळ्यात ओघळलं, सदऱ्याची कॉलर भिजली. शेजारच्या एका बाईंनी पदर तोंडाला लावला.

घरी आल्यावर तो म्हणाला, “ताई, पळीनं तोंडात पाणी कधी घालतात, माहितीय ना तुला? बाबांना तूच घातलं होतंस. मी तिथेच उभा होतो.”

एवढं वाचलेली मी, आणि शेवटच्या श्वासाला जे करतात ते मी माझ्या जिवंत भावाला शंभर माणसांसमोर केलं होतं. प्रेमाने केलं होतं, हेच त्यातलं सगळ्यात वाईट.

त्या दिवसापासून त्याने माझ्या हातून खाणं बंद केलं. ताट खोलीत ठेवायला लावायचा, दार पायाने लोटून घ्यायचा. पलीकडून आवाज यायचे. तो ताटाला तोंड लावून खात होता. मी ओट्याशी उभी राहून नळ सोडून ठेवायचे, म्हणजे ऐकू येणार नाही आणि आपल्याला ऐकू येत नाही हे त्याला कळेल. पौषात तेही थांबलं. नळीने चहा, कधी दूध, एवढंच. पोटातले तुकडे काढायची अजून एक शस्त्रक्रिया बाकी होती. डॉक्टर म्हणाले, वजन असंच उतरत गेलं तर मी हात लावू शकत नाही, आणि हात लावला नाही तर काय होईल ते तुम्हाला सांगायला नको. दिगूला त्यांनी हे समोरच सांगितलं. त्याने मान डोलावली, एखादी सूचना ऐकल्यासारखी.

मग तो गुरुवार आला. सकाळी दार उघडलं तर बाहेर काही नव्हतंच. आमच्याकडे पौषात धुकं पडतंच, पण त्या दिवशी फाटकही दिसत नव्हतं, शहरामागचा डोंगरावरचा किल्ला तर जणू कधी नव्हताच. दिगू चार दिवसांत प्रथमच आपणहून उठला. म्हणाला, “शाल टाक अंगावर. फिरून येऊ. कोहऱ्यात मला बरं वाटतं, ताई. सगळ्यांचेच हात दिसत नाहीत.”

आम्ही चालत राहिलो. त्या तासाभराची आठवण मला पाण्याखालून पाहिल्यासारखी येते. दिव्यांभोवती पिवळी वर्तुळं, कुठूनतरी निघून कुठेतरी जाणारी एक सायकलची घंटा, गाईचं नुसतंच तोंड. दिगू पुढे, मी अर्धं पाऊल मागे. कुठे वळायचं ते आम्ही ठरवलं नव्हतं. तो इतका हलका चालत होता की वाटलं, मी क्षणभर डोळे मिटले तर हा या पांढऱ्यात मिसळून जाईल आणि त्यालाही ते चालेल. तेवढ्यात अगदी जवळ घंटा वाजली. आम्ही मंदिराच्या पायरीशी उभे होतो. मी म्हटलं, “परत फिरू या.” तो चपला काढून आत गेला.

आत गर्दी नव्हती. अभिषेक नुकताच झाला होता. दिगू शाल पांघरून खांबाशी उभा राहिला आणि त्याच्या बाजूला एक माणूस येऊन उभा राहिला. पन्नाशीचा, जाड स्वेटर, कानाला मफलर. दाराशी त्याचा गजकचा, तिळाच्या कुरकुरीत वड्यांचा, ठेला धुक्यात अर्धा बुडालेला दिसत होता. तीळगूळ कुटून कुटून रुंद झालेले हात त्याने पँटला पुसले आणि हळूच दिगूला म्हणाला, “भैया, रोज़ सामने से निकलता हूँ, अंदर पहली बार आया हूँ. यहाँ का कायदा मालूम नहीं. आपको देख-देख के कर लूँगा.”

गुरुजी ताम्हन आणि पळी घेऊन येत होते. दिगूला पाहून ते थबकले, आणि मग माझ्याकडे पाहिलं. “ताई, तुम्ही...”

मी जागची हलले नाही. त्याचं कारण मला आजही नीट सांगता येत नाही. धीर होता असं नाही, विश्वास तर नव्हताच. एवढंच मनात आलं की माझ्याकडून जे होण्यासारखं होतं ते मी करून बसले आहे. आता तू बघ. किती दिवसांनी मी देवाशी बोलले होते, आणि तेही इतकं उद्धट.

दिगू त्या माणसाला म्हणाला, “मुझे देख के क्या करोगे? हाथ ही नहीं हैं मेरे.”

माणसाने शालीकडे पाहिलं. मी त्याच्या चेहऱ्यावर ते यायची वाट पाहू लागले, जे सगळ्यांच्या चेहऱ्यावर यायचं. तो मात्र जरा विचारात पडला, आणि म्हणाला, “तो बोल के बता दो.”

“दाहिना हाथ आगे करो.”

त्याने हात पुढे केला.

“दाहिना!” दिगूचा आवाज एकदम चढला. “वो बायाँ है, भाईसाहब!”

गुरुजी दचकले. मीही. तो परेडच्या मैदानावरचा आवाज होता. नव्या रंगरुटांना शिकवणाऱ्या हवालदाराचा. सव्वा वर्षात मी तो ऐकला नव्हता.

“अब कटोरी बनाओ. उँगलियाँ सटा के. अरे, मुट्ठी नहीं, कटोरी! नीचे बायाँ लगाओ, टपकना नहीं चाहिए.”

“फ़ौजी हो क्या?” तो माणूस हात सावरत पुटपुटला.

“था.”

“तभी. मेरी घरवाली भी ऐसे ही बोलती है, पर वो फ़ौज में नहीं थी.”

दिगू हसला. गुरुजींनी त्या रुंद तळव्यावर तीर्थ घातलं. माणसाने ते एकदा पाहिलं आणि सरळ दिगूच्या ओठांपुढे धरलं. “लो.”

“अरे, ये आपका है.”

“मेरा कैसे? सब तो आपने करवाया. हाथ भर मेरा है. जल्दी करो, टपकेगा तो फिर डाँटोगे.”

माझ्या भावाने मान वाकवली आणि त्या तळहातावरचं तीर्थ प्यायला. पळीमागून पळी, तीन वेळा. मग त्या माणसाने तोच ओला, उष्टा हात गुरुजींपुढे केला. “अब मेरा.” गुरुजी क्षणभर थांबले, मग त्यांनी पळी कलती केली. “अब?” माणसाने विचारलं. दिगू म्हणाला, “अब गीला हाथ सिर पे फेरते हैं.” तो हात आधी दिगूच्या डोक्यावरून फिरला, सावकाश, कपाळापासून मानेपर्यंत, मग त्याच्या स्वतःच्या. मी खांबाला टेकून खाली बसले.

बाहेर आल्यावर त्याने ठेल्यावरच्या कागदाखालून गजकचा तुकडा काढला, मोडला, आणि जाता जाता सहज दिगूपुढे धरला. दिगूने तोंड उघडलं. कित्येक दिवसांनी त्याच्या दातांखाली काहीतरी कुरकुरलं. ठेला ढकलत तो माणूस गेला. आधी तो दिसेनासा झाला, मग चाकांचा आवाज.

घराच्या वाटेवर दिगू म्हणाला, “भूक लागलीय. पोळी कर. आणि तूच भरव.” थोडं चालून पुन्हा म्हणाला, “पण मी सांगेन तसं. हात तुझा, हुकूम माझा.”

तसंच झालं. “आधी भाजी. एवढी नाही. आता वरणात बुडव. थांब. आता लोणचं, नुसता वास लागेल इतकंच.” पहिल्या दिवशी त्याने मला तीनदा झापलं आणि दोन पोळ्या खाल्ल्या. जेवताना माझा हात माझा नसायचा. पुढचा घास कोणता हे मला ठाऊक नसायचं. इतके दिवस मी समजत होते की शरण जायचं ते त्याने, निमूटपणे भरवून घ्यायचं. शरण मला जायचं होतं. माझा प्रेमळ, शहाणा, घाईचा हात मला सोडून द्यायचा होता.

शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर तो अडीच वर्षं जगला. त्या काळात त्याने माझ्या हाताने पत्रं लिहिली, ठिकठिकाणच्या इस्पितळांत पडलेल्या, हातपाय गमावलेल्या जवानांना. मराठी, हिंदी, जशी येतील तशी वाक्यं. मला एखादा शब्द बदलावासा वाटे. तो न बघताच ओळखायचा. “ताई, हुकूम कुणाचा?” मी तसंच लिहायचे.

त्या गजकवाल्याला मी दोन हिवाळे शोधलं. लष्कर, मुरार, थाटीपुर, शहरातल्या एकेका भागात जाऊन प्रत्येक ठेल्यापाशी थांबले. तो पुन्हा दिसला नाही. गुरुजी हात जोडून म्हणतात, “महाराजच होते, ताई.” दिगू मात्र हसायचा. “देव असता तर डावं-उजवं कळलं असतं त्याला.” मी या वादात पडत नाही. कुणाचा का असेना, तो हात वेळेवर आला, आणि त्याच वेळी मला जागच्या जागी थांबता आलं. दुसरी गोष्ट मला पहिलीहून अवघड वाटते, म्हणून तिच्यासाठी मी जास्त वेळ हात जोडते.

गेल्या आषाढात दिगू गेला. जखम आतून चिघळली होती. दुपार होती, उन्हाची तिरीप भिंतीवर होती, आणि ती नेहमीपेक्षा हळू सरकते आहे असं मला उगाच वाटत होतं. तो गेल्यावर कित्येक दिवस मी जेवायला बसले की घास उचलण्याआधी थांबायचे, कुणीतरी सांगेल म्हणून.

मागच्या आठवड्यात दिगूच्या नावाने एक पत्र आलं. एका आईचं. तिचा मुलगा सीमेवर जखमी होऊन घरी आलाय, दोन्ही हात नाहीत, जेवायला बसवलं की चिडतो, ताट उलथतो. तुम्ही स्वतः यातून गेला आहात, असं ऐकलं. मी त्याला कसं भरवू ते सांगा, असं तिने लिहिलं होतं. मी टेबलाशी बसले. दिगू गेल्याचं कळवलं. किती लिहिता आलं असतं. माझ्याजवळ शब्दांची कधीच वाण नव्हती. शेवटी एकच ओळ लिहिली आणि पाकीट बंद केलं.

‘बाई, पहिला घास कोणता देऊ, हे त्यालाच विचारा.’