उजव्या चाकातलं कोरडं बेअरिंग

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. आत्ता तुमच्याशी बोलायला बसलोय, तरी मधेच उठून पाणी पिऊन आलो—घसा कोरडा नव्हता, नुसती टाळाटाळ.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. कानडी मुलखात, मल्लेश्वरमला आम्ही चौघं—आईबाबा, धाकटा भाऊ सुहास आणि मी. मी सरकारी कारखान्यात इंजिनिअर, त्यामुळे घरची जुनी गाडी गॅरेजला नेणं मला कमीपणाचं वाटायचं. हौस म्हणा, मिजास म्हणा.

त्या वर्षी मागची चाकं घरघरू लागली. दसऱ्याच्या आदल्या दिवशी, आयुधपूजेच्या सकाळी मी मागच्या ॲक्सलची नवी बेअरिंगं बसवायला घेतली. नव्या बेअरिंगला तेलाचा नुसता हात फिरवलेला असतो. ग्रीस आपणच बोटांनी दाबून भरायचं. डावीकडे भरलं. उजवीकडे आलो, तर डबा जागेवर नाही—आईने तो हत्यारांबरोबर पूजेला मांडलेला, हळदकुंकू लावून, वर झेंडूचं फूल. पूजेतलं हत्यार त्या दिवशी उचलायचं नाही. त्यात तिची घाई—"सरी, बरं, आता आवर! गाडी चारी चाकांवर उभी कर, तिच्यापुढे कोहळा फोडायचाय." हातात होता त्या पान्याने मी उजवं तसंच कोरडं बसवून टाकलं. उद्या उघडून भरू, म्हटलं. मागितला असता, तर तिने डबा दिला नसता का?

दसरा पाहुण्यांत गेला. दुसऱ्या दिवशी सुहास आईबाबांना घेऊन तुमकूरला आत्याकडे निघाला. नुकताच गाडी शिकलेला, केवढा खूश होता! त्याने किल्ली फिरवली तेव्हा मला आठवलं. हो—आठवलं होतं. पण इंजिनिअरसाहेब ग्रीस भरायला विसरले, हे बाबांसमोर कसं सांगायचं? जाईल तुमकूरपर्यंत, म्हटलं.

नाही गेली. वाटेत चाक जाम झालं, गाडी झाडावर आदळली. आई आणि सुहास खरचटण्यावर सुटले. बाबांचा खांदा असा मोडला की पुढे तो हात कधी डोक्यापर्यंत गेला नाही.

गाडी टोचन लावून घरी आणली. मी चाक उघडलं. बेअरिंग जळून निळं पडलं होतं. बाबा गळ्यात हात अडकवून मागे उभे. "जळका वास येत होता. याने हँडब्रेक ओढलेलाच ठेवला असणार. काय रे?"

विचारत होते मला. आणि मी—मी नुसती मान डोलावली असती तरी एक वेळ—पण नाही, मी बोललो. "हो. हँडब्रेकच."

सुहासने माझ्याशी वादही घातला नाही. "असेल अण्णा. लक्षात नसेल राहिलं."

त्यानंतर त्याने स्टिअरिंगला हात लावला नाही. रोज सकाळी बाबांना शर्ट घालायचं काम मात्र आपणहून घेतलं, ते बाबा जाईपर्यंत. मी शेजारी पेपर वाचत बसायचो. मला लाज वाटायची, आणि मी पान उलटायचो.

आता त्याचेही केस पिकलेत. कुठे जायचं असलं की तो निमूट डावीकडे बसतो आणि मी किल्ली फिरवण्याआधी तोच वाकून बघतो.

"अण्णा, हँडब्रेक काढलास ना?"

"काढला," मी म्हणतो.