सुभाषभाऊंचा बंद नंबर

"ताई, ओटीपी पप्पांच्या नंबरवर जातोय."

कोमल माझ्या ऑफिसच्या दारातच उभी होती. मी म्हटलं, "मग पप्पांचा फोन आण. आत तर ये."

तिच्या मागे तिचा काका भटू उभा होता. त्यानं मान खाली घातली. "नंबर बंद करून टाकला, ताई. परवाच. पोस्टपेड होता, म्हटलं उगाच बिल येत राहील."

सुरतेत बमरोली रोडवर माझं छोटं ऑफिस आहे. माणूस गेला की मागे जी कामं उरतात ती मी करून देते. पीएफ, विमा, बँकेचं खातं, लाइट बिलावरचं नाव. सुभाष पाटील पांडेसऱ्याच्या एका डाइंग मिलमध्ये ऑपरेटर होते. मूळचे अमळनेरकडचे. ड्यूटीवर निघताना छातीत कळ आली आणि दवाखान्यात पोचण्याआधीच गेले. घरात बायको मंगलाबाई आणि ही एकच मुलगी. धाकटा भाऊ भटू कडोदऱ्याला लूम चालवतो. भाऊ गेल्यावर सगळी धावपळ तोच करत होता, आणि कागदांसाठी माझ्याकडे येत होता.

नंबर बंद करायचं मी सांगितलं नव्हतं. पण करू नका असंही कुणी सांगितलं नव्हतं.

मी कोमलला बसवलं. "कसला ओटीपी? सगळं सांग."

बारावीनंतर तिनं नर्सिंगच्या सरकारी प्रवेशासाठी फॉर्म भरला होता. वडील तेव्हा हयात होते. दोघांनी मिळूनच तो भरला होता आणि मोबाइल नंबर वडिलांचा दिला होता. तिचे मार्क चांगले होते. हव्या त्या कॉलेजांची नावं तिनं पसंतीच्या क्रमानं टाकून ठेवली होती. आता फक्त 'लॉक' करायचं राहिलं होतं. लॉक म्हणजे शेवटची मोहर. ते केल्याशिवाय यादी धरतच नाहीत. आणि लॉकचं बटण दाबलं की नोंदवलेल्या मोबाइलवर ओटीपी जातो.

"शेवटची तारीख?"

"आज. संध्याकाळी पाचपर्यंत."

जेवणाची वेळ टळून गेली होती. माझा डबा टेबलावर तसाच होता.

आमच्या कामात कधी पळापळ नसते. गेलेल्या माणसाला घाई नसते, ऑफिसांना तर नसतेच. पण त्या दुपारी हातात काही तासच होते. मी आधी मोबाइल कंपनीच्या स्टोअरमध्ये फोन लावला. तिथली मॅनेजर ओळखीची आहे.

"नंबर अजून कुणाला दिलेला नाही," ती म्हणाली. "वारसांनी अर्ज केला तर परत चालू होऊ शकतो. पण वरून मंजुरी लागते. चार दिवस धरा."

"मला आज हवाय."

"आज नाही होणार, वर्षाबेन. खोटं कशाला सांगू?"

प्रवेशाच्या हेल्पलाइनला कोमल सतत फोन लावत होती. दर वेळी एंगेज. मग मी ठरवलं, नंबरच्या मागे लागायचं नाही. ज्यांच्याकडे तो नोंदवलाय त्यांच्याकडेच जायचं. मजुरा गेटकडे एका कॉलेजात प्रवेशाचं मदत केंद्र होतं.

"भटूभाऊ, तुम्ही वहिनींकडे घरी जा. मृत्यूचा दाखला काढून ठेवा आणि फोन हातात ठेवा. कोमल, त्याची झेरॉक्स माझ्याकडे आहे. चल."

रिक्षात बसलो. उधना दरवाजाला मेट्रोच्या कामानं रस्ता अडलेला. रिक्षावाल्यानं आरशात आमची तोंडं पाहिली असावीत. गल्लीबोळांतून त्यानं आम्हाला थेट गेटशी आणून सोडलं.

केंद्रावरचे अधिकारी चाळिशीतले, गुजराती. चेहरा थकलेला. माझं बोलणं त्यांनी नीट ऐकून घेतलं.

"मोबाइल नंबर बदलायचा तर ज्याचा नंबर आहे त्यानं स्वतः यायला हवं, बेन. नियम छे."

"साहेब, ते वारले."

"मग त्यांचं संमतिपत्र आणा."

बोलून झाल्यावर आपण काय बोललो ते त्यांच्याच लक्षात आलं. चष्मा काढून त्यांनी डोळे चोळले. "सॉरी, बेटा," ते कोमलला म्हणाले. "पण सिस्टिममध्ये दुसरा ऑप्शन नाही."

इथे माझा अनुभव कामाला आला. मेलेल्या माणसाचा नंबर बदलायला गेलं की प्रत्येक सिस्टिम त्याचीच सही मागते. पण त्याची जागा दुसऱ्या माणसाला देता येते. बँकेत, विम्यात मी रोज हेच करते.

"साहेब, नंबर बदलू नका. पालक बदला. वडील वारले, आता आई पालक. पालक बदलायचा ऑप्शन असेलच."

त्यांनी माउस फिरवला. एक मेनू, दुसरा मेनू. मग थांबले.

"आहे. पालक बदलला की त्याचा नंबर नव्यानं टाकता येतो. पण आईला समोर यावं लागेल. दाखला, आधार आणि तिचा फोन घेऊन."

कोमलचा चेहरा पडला. "आई नाही येऊ शकत. सव्वा महिना झालेला नाही."

त्यांच्याकडे नवरा गेल्यावर बाईनं सव्वा महिना उंबरा ओलांडायचा नाही. गावाहून सुभाषभाऊंची थोरली बहीण आलेली होती, ती हे सगळं डोळ्यात तेल घालून पाहत होती. मी भटूला फोन लावून स्पीकरवर टाकायला सांगितलं आणि घडलं ते दोन वाक्यांत सांगितलं.

आधी आत्याबाईंचा आवाज आला. "सव्वा महिना नही व्हयना आजून. लोके काय म्हनतीन?"

मी मूळची वाशिमची. अहिराणी मी सुरतेतच ऐकून ऐकून शिकले. उत्तर द्यायला मी शब्द शोधत होते, तेवढ्यात मंगलाबाईच नणंदेशी बोलल्या. इतक्या दिवसांत त्यांचा आवाज मी पहिल्यांदाच ऐकत होते.

"बाई, पोरनं काम शे. मी जास." आणि मग, "भटूभाऊ, गाडी काढा."

फोन तसाच चालू होता. चपलांचा आवाज आला, मग कडी वाजली.

आम्ही पायऱ्यांवर उभ्या राहून वाट पाहिली. प्रत्येक मोटारसायकल तीच वाटायची. कोमल नखं कुरतडत होती. मी तिला रागावले नाही, कारण मीही पदराचं टोक पिळत होते. एकदाची भटूची गाडी गेटात वळली. मागे मंगलाबाई, डोक्यावर घट्ट पदर, छातीशी कागदांची पिशवी. त्या उतरल्या आणि कुणाकडे न पाहता सरळ पायऱ्या चढल्या.

"पालक कोण?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

"मी," त्या म्हणाल्या.

दाखला तपासला, आधार जुळला, सही झाली. मंगलाबाईंनी कमरेच्या पिशवीतून बटणांचा फोन काढला. नवा नंबर नोंदला गेला. कोमलनं माझ्या फोनवर लॉकचं बटण दाबलं.

ओटीपी येईना. त्या खोलीत रेंजच नव्हती. अधिकारी स्वतः उठले. "बारी पासे, बेन, खिडकीपाशी." मंगलाबाई खिडकीतून हात बाहेर काढून उभ्या राहिल्या. मेसेज आला तोवर त्याची मुदत संपली होती. कोमलनं पुन्हा बटण दाबलं. या वेळी फोन लगेच वाजला.

मंगलाबाई आधी साड्यांच्या दुकानात घड्या घालायला जायच्या. आकडे त्यांना गुजरातीतच पटकन येतात. त्या एकेक आकडा मोठ्यानं सांगत गेल्या, कोमल टाइप करत गेली. भटूनं डोळे मिटून घेतले होते.

स्क्रीनवर हिरवी पट्टी आली. लॉक झालं.

कोमल आईच्या गळ्यात पडली. अधिकाऱ्यांनी सगळ्यांसाठी चहा मागवला आणि पुढच्या माणसाला आत बोलावलं. पाच वाजायला अजून थोडा वेळ होता.

परत जाताना भटू मला म्हणाला, "ताई, माझ्यामुळे झालं सगळं."

"तुम्ही चुकीचं काही केलं नाही, भाऊ. फक्त लवकर केलं."

कोमलला सीट मिळाली. पहिल्या पसंतीची नाही, दुसऱ्या पसंतीची, नवसारीची. ती रोज अपडाउन करते. मंगलाबाई पुन्हा कामाला जातात. आत्याबाई रागावून गावी गेल्या त्या दिवाळीला फराळ घेऊन आल्या.

आता माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक घराला मी पहिल्याच भेटीत सांगते. खातं बंद करा, कार्ड बंद करा, गॅसचं नाव बदला. फोन सगळ्यात शेवटी. तोवर त्याचं बिल भरत राहा. ते फुकट जात नाही.