गळतंय, पण कमी होत नाही

रविवारी सकाळी होटगी रोडवर एका चहाच्या गाड्यापाशी आम्ही सेडानवाले जमतो. पूर्वी बरेच होतो. एकेक जण उंच गाडी घेऊन फितूर झाला आणि आता मोजकेच उरलोय. फितूर झालेले रस्त्यात भेटले की वरून हात करतात आणि स्पीडब्रेकरला आमच्या गाडीचं पोट घासलं की हसतात. हसू देत. डिकीत कांद्याचं पोतं टाकलं तरी सेडानमध्ये पुढे वास येत नाही, हे सुख त्यांच्या नशिबात नाही.

आमच्या ग्रुपचं एकच तत्त्व आहे, कुणावर विश्वास ठेवायचा नाही. पार्ट बदलला की जुना पार्ट परत मागायचा. ऑइलचा डबा आपल्यासमोर फोडायला लावायचा. पुढचे टायर मागे टाकायला सांगितले असतील तर गाडी देण्याआधी टायरवर खडूची खूण करून ठेवायची, नाहीतर हात न लावता बिल हातात देतात. असले सल्ले सकाळ-संध्याकाळ मोबाईलवर येतात. या सगळ्यांत दोघांचा शब्द शेवटचा. एक भवानी पेठेतले चादरींचे व्यापारी, त्यांची गाडी सगळ्यांत जुनी. दुसरे एक दंतवैद्य. बॉनेट उघडलं की ते आधी 'आ' करायला सांगतील असं वाटतं.

मी या ग्रुपात शोभतो, कारण मी मुळातच संशयी आहे. बायको म्हणते, लग्नात अंतरपाट धरला होता तेव्हासुद्धा तुम्ही बाजूनं डोकावून बघत होता, मुलगी तीच आहे ना म्हणून. खोटं नाही ते. खात्री करून घेण्यात काय बिघडतं?

तर मागच्या उन्हाळ्यात माझ्या गाडीखाली पाणी दिसायला लागलं. आमच्या घरापुढच्या पोर्चमध्ये शहाबादी फरशी आहे, तिच्यावर संध्याकाळी ओला डाग असायचा, बरोबर रेडिएटरच्या खाली. रेडिएटर गळतोय म्हणून मी झाकण उघडून बघितलं, तर आत काठोकाठ. दुसऱ्या दिवशी परत डाग, परत काठोकाठ. इतकंच नाही, आतलं कूलंट मी भरलं तेव्हा हिरवंगार होतं, ते हळूहळू फिकट होत चाललं होतं. गाडी मी फक्त रविवारी काढतो. कामावर स्कूटरने जातो. उभी गाडी गळतेय आणि तरी भरलेली राहतेय, हा काय प्रकार?

रविवारी मी हे चहावर मांडलं. डॉक्टरांनी चष्मा वर केला. व्यापाऱ्यांनी कप खाली ठेवला.

"गळायलंय म्हणता, आणि कमी होत नाही म्हणता," व्यापारी म्हणाले. "सर, कुठंतरी पाणी मुरतंय बघा."

"मुरत नाही हो, गळतंय," मी म्हणालो.

"तसं नव्हं. गाडीला कुणीतरी हात लावतंय. घरात दिवसा कोण असतं की?"

मी चहाचे पैसे द्यायला उठलो. दिवसा घरात फक्त अण्णा असतात, माझे वडील. आणि ते उत्तर मला आधीपासून ठाऊक होतं म्हणूनच मला झोप लागत नव्हती.

अण्णा मूळचे वैरागचे. सारी हयात मालट्रकवर ड्रायव्हर. ट्रक सुटला तेव्हा त्यांच्याच आग्रहानं आम्ही ही सेडान घेतली, जुनी, सेकंडहँड. "आता जमिनीलगत बसून जायचं. लई उंचावरून बघितलं," असं म्हणाले होते. ती गाडी त्यांनीच चालवली. मी शेजारी बसायचो आणि ते गिअर टाकायचे तेव्हा आवाजसुद्धा यायचा नाही. मग डोळ्यांत काचबिंदू निघाला. समोरचं दिसतं, बाजूचं दिसत नाही. सात रस्ता चौकात डावीकडून एक सायकलवाली मुलगी आली, ती त्यांना दिसलीच नाही. ब्रेक मी ओरडलो म्हणून लागला. मुलीला काही झालं नाही, ती आम्हाला शिव्या देऊन गेली, पण घरी आल्यावर मी खिळ्यावरची किल्ली काढून माझ्या ऑफिसच्या पिशवीत टाकली.

"अण्णा, आता गाडी चालवायची नाही."

"बरं," ते म्हणाले. "न्हाय चालवत."

बस, एवढंच. वाद नाही, राग नाही. ज्या माणसाची सारी हयात स्टिअरिंगवर गेली त्यानं इतक्या सहज 'बरं' म्हणावं, हेच मला पटलं नाही. माझं सोडा, कुणालाच पटलं नसतं.

आता तो डाग बघून सगळं जुळायला लागलं. दुपारी घर रिकामं असतं. मी कामावर, बायको शाळेत शिकवायला. किल्ली माझ्या पिशवीत असली म्हणून काय झालं? दाराच्या फटीतून पट्टी घालून कुलूप काढणं ड्रायव्हर लोकांना अवघड नसतं, आणि वायरी जोडून गाडी चालू करतात हेही ऐकून होतो. गाडी बाहेर नेली, इंजिन तापलं, पाणी उकळून सांडलं, वरून साधं पाणी ओतलं. म्हणून डाग, म्हणून काठोकाठ, म्हणून रंग फिका. आणखी एक गोष्ट होती. रविवारी मी गाडीत बसलो की सीट पुढे सरकलेली असायची. अण्णा माझ्यापेक्षा बुटके आहेत.

तुम्ही म्हणाल, किलोमीटरचा आकडा बघायचा. बघितला की! हलला नव्हता. पण मीटर मागं फिरवून जुन्या गाड्या विकतात हे आमच्या ग्रुपात शेंबडं पोरही सांगेल. आकड्यावर मी कसा विश्वास ठेवू? मला फक्त भीती वाटत होती. कुठल्यातरी दुपारी फोन येईल, तुमच्या वडिलांनी एका पोराला उडवलं. मी कामावर बसून तो फोन ऐकायचो, न आलेला.

सरळ विचारावं असंही मनात आलं. विचारलंही, आडून.

"अण्णा, दुपारी काय करता?"

"काय करायचं? पडतो जरा."

खोटं. पडणाऱ्या माणसाच्या सदऱ्याच्या बाहीला काळं ग्रीस लागत नाही.

मग मी ग्रुपचाच उपाय केला. बायकोच्या खडूंच्या डबीतला एक पांढरा खडू घेतला आणि पुढच्या डाव्या टायरवर एक रेघ ओढली, तीच खाली फरशीवर उतरवली. गाडी वीतभर हलली तरी दोन रेघा जुळणार नाहीत. बायकोनं दारातून बघितलं.

"स्वतःच्या बापावर खडू लावताय," ती म्हणाली.

"टायरवर लावलाय," मी म्हणालो.

संध्याकाळी रेघ जुळलेली. दुसऱ्या दिवशीही. मला बरं वाटायला हवं होतं. पण डाग होताच! आणि मग एका संध्याकाळी मी वाकून बघितलं तर रेघ माझी नव्हती. मी बारीक ओढली होती, ही जाड होती. माझी जरा तिरकी होती, ही सरळ, ठासून ओढलेली. फरशी धुतलेली आणि त्यावर नवी रेघ. म्हणजे चोर नुसता गाडी नेत नव्हता, आणून ठेवल्यावर माझी खूण परत काढत होता. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. म्हातारा मला, आपल्या पोटच्या पोराला, इतका सफाईनं फसवतोय!

दुसऱ्या दिवशी मी अर्धी रजा टाकली. स्कूटर कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीपाशी लावली आणि चालत आलो. ऊन असं की गल्लीत कुत्रंसुद्धा नव्हतं. शेजाऱ्यांच्या कंपाउंडला लागून एक कडुलिंब आहे, त्याच्या आड उभा राहिलो. आपल्याच घरावर पाळत ठेवताना माणूस फार विचित्र दिसत असणार, पण बघायला कुणी नव्हतं.

अण्णा बाहेर आले. धोतर वर खोचलेलं, हातात पाण्याचा तांब्या, काखेत काठी. त्यांनी गाडीवरचं कव्हर काढून घडी केली. मग कनवटीतून किल्ली काढली आणि दार उघडलं.

किल्ली! पट्टी नाही, वायर नाही, किल्ली. मी मोजून एकच किल्ली ताब्यात घेतली होती. दुसरी हरवली असं मी धरून चाललो होतो.

त्यांनी बॉनेट वर केलं, रेडिएटरचं झाकण काढलं आणि तांब्यातलं पाणी ओतलं. भरलेल्यातच ओतलं. पाणी ऊतू जाऊन खाली फरशीवर सांडेपर्यंत ओतलं, सांडल्यावर मान हलवली आणि झाकण लावलं. मग काठी घेऊन गाडीभोवती फिरले. प्रत्येक टायरवर काठीचा ठोका, कान तिरका, पुढे. ट्रकवाले असंच टॉमीनं, म्हणजे लोखंडी कांबीनं, ठोकून हवा बघतात, लहानपणी मी ते कितीतरी वेळा बघितलंय. मग ओल्या फडक्यानं टायर पुसले. पुढचा डावा पुसताना त्यावरची रेघ गेली. खालची रेघ सांडलेल्या पाण्यानं केव्हाच गेली होती. अण्णांनी सदऱ्याच्या खिशातून खडूचा तुकडा काढला, गुडघ्यावर हात टेकत खाली बसले आणि टायरवरून फरशीपर्यंत रेघ ओढली.

शेवटी ते ड्रायव्हरच्या सीटवर बसले. सीट पुढे ओढली. मी झाडाआडून निघालो होतो. आता गाडी चालू करायला सेल मारला की धावत जाऊन गाडीपुढे आडवं व्हायचं, असं ठरवलं होतं. त्यांनी आरसा नीट केला. क्लच दाबला, पहिला गिअर, दुसरा, तिसरा, परत न्यूट्रल. डावीकडे मान वळवून बघितलं, जरा जास्तच वळवून बघितलं. किल्ली समोर डॅशबोर्डवर पडलेली होती. तिला त्यांनी हात लावला नाही.

मग ते उतरले, दार लावलं आणि मी त्यांना दिसलो, कारण मी बरोबर समोर उभा होतो.

"आज लवकर?" ते म्हणाले.

"अण्णा, ही किल्ली कुठली?"

"गाडीसंगं दोन दिल्या हुत्या की. एक ट्रंकेत हुती. तू खिळ्यावरची घेतलीस. हिचं इचारलंच न्हाईस."

"म्हणजे इतके दिवस तुमच्याकडे किल्ली होती?"

"व्हय."

"मग चालवली का नाही?"

ते माझ्याकडे बघत राहिले. मी मराठीत बोललो की आणखी कुठल्या भाषेत, असा चेहरा.

"न्हाय चालवत म्हनलं हुतं की तुला," ते म्हणाले.

 लाज वाटली, आणि लाज वाटली की मी चिडतो, म्हणून मी पाण्यावर चिडलो. म्हणालो, अण्णा, यात पाणी घालत नाहीत, यात कूलंट असतं, बोअरच्या पाण्यानं आत क्षार धरतात, रेडिएटर बसतो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"गाडी निघायच्या आदी पानी सांडंस्तवर भरायचं. रिकामी गाडी घाटात कुटं बी दगा देती," ते म्हणाले.

"पण गाडी कुठं निघतेय?"

"आयतवारी तू न्हेतोस न्हवं?"

म्हणजे मी रविवारी होटगी रोडला चहा प्यायला जायचो, त्या प्रवासाची तयारी हा माणूस रोज दुपारी करत होता.

"आणि ते हिरवं पानी," ते पुढे म्हणाले, "त्यात रंगाबिगर काय न्हाय बघ. तुमा लोकास्नी कोनबी गंडवतंय." संशय आमच्या घरात कुठून आला हे मला त्या दिवशी कळलं.

"आणि रेघ का ओढली परत?"

"टायर पुसताना ग्येली. मी म्हनलं, तू सांजच्याला बघशील आन् तुला वाटंल गाडी हालली." मग त्यांनी किल्ली माझ्यापुढे धरली. "ही बी घे. तुला झोप लागंना झालीया. रातच्याला फिरतोस ते ऐकू येतं मला."

मी किल्ली घेतली नाही. घ्यायला हात पुढे झाला होता, हे मात्र खरं.

पुढच्या रविवारी मी रेडिएटर धुऊन नवं कूलंट भरलं आणि अण्णांना पारदर्शक टाकीवरच्या दोन खुणा दाखवल्या. पाणी या दोन खुणांच्या मध्ये असलं की झालं, सांडायचं नाही, कमी झालं तर या डब्यातलं घालायचं. त्यांनी डब्याचा वास घेतला आणि तोंड वाकडं केलं, पण ऐकलं. तेव्हापासून डाग नाही. ग्रुपवर विचारतात, गळती सापडली का? मी सांगतो, सापडली, झाकण सैल होतं. व्यापाऱ्यांचा त्यावर विश्वास बसलेला नाही.

खडू मी त्याच दिवशी डबीत परत ठेवला. तरी दुसऱ्या दिवशी टायरवर रेघ होती. तिसऱ्या दिवशीही. मी म्हणालो, "अण्णा, आता कशाला? मी नाही बघत."

"आसू दे," ते टायर पुसता पुसता म्हणाले. "तुझा सोभाव मला म्हाईत न्हाय व्हय? उद्या परत शंका आली तर?"

अजूनही रेघ रोज असते. आणि खोटं कशाला बोलू, संध्याकाळी फाटकातून आत आलो की माझी नजर पहिल्यांदा तिच्यावरच जाते.